थायलंडला पाठवलेला तास

कवठे महांकाळ सोडून जतच्या वाटेला लागलं की द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडा एकीमागं एक येत राहतात. तिथल्याच एका वस्तीवर नानासोंची क्रांती राहायची. नानासो फौजेतून हवालदार होऊन परत आलेला माणूस. बाग लावली, शेड बांधली, पण बायकोला चहा मागतानासुद्धा अजून हुकूम दिल्यासारखाच मागायचा. पोरगी सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झाली, पुढं बी. एड. झाली. तालुक्याच्या इंग्लिश मीडियम शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी हिला घेतलं. बाईंचं बाळ रांगायला लागलं, बाई कामावर आल्या आणि क्रांती घरी आली.

घरी बसलेली पोरगी मोबाईल बघते म्हटल्यावर आईला वाटलं, स्थळं बघत असेल. पण ती बघत होती एक फोटो. थायलंडमधली कुठलीशी शाळा. वर्गाच्या दाराबाहेर पोरांच्या चपला ओळीनं काढून ठेवलेल्या, आत पोरं बसलेली, फळ्यापाशी एक बाई आणि पोरांच्या मागं उभी दुसरी, तरणी. खाली लिहिलेलं, इंग्रजीसाठी असिस्टंट टीचर पाहिजे. क्रांती त्या चपलांकडंच बघत राहिली. एवढ्या लांब समुद्रापल्याड माणसं वर्गाबाहेर चपला काढतात? मग जेवायला मांडी घालतात का? मोठ्यांच्या पाया पडतात का? पोरं बाईंना काय म्हणत असतील? एक प्रश्न उठला की त्याच्या पाठीमागं दुसरा तयारच.

आणि प्रश्न काही तिला एकटीलाच नव्हते. ही बातमी शेडवर गेली तेव्हा बेदाणा निवडायला बसलेल्या बायकांचे हात थांबले. सगळ्यांत वडीलधारी रंगूबाई. तिनं चष्मा कपाळावर सरकवला.

"व्हय गं, तितं कुणालाच इंग्रजी येत न्हाई व्हय, म्हणून तू निघालीस?"

"येतं आजी. पण त्यांना जास्त माणसं लागतात."

"आनि ते असिस्टंट म्हंजे काय?"

"मोठ्या बाई शिकवणार. आपण पोरांच्यात फिरायचं. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडनं बोलून घ्यायचं."

"म्हंजे सैपाक दुसरीचा, तू वाढपीन," रंगूबाई म्हणाली आणि चष्मा खाली घेतला. "चांगलं हाय की. लोक वाढपीनीकडंच बघत्यात."

काम असं मोबाईलवर मागायचं म्हणजे कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, पण दार लावून घेतल्याचा आवाजही येत नाही. क्रांतीनं शिकवण्याचा एक कोर्स घरबसल्या केला, पुण्याला जाऊन इंग्रजीची परीक्षा दिली, पासपोर्ट काढला. पोलीस चौकशीला आले तेव्हा आईनं त्यांना पोहे करून घातले. मग अर्ज धाडायला लागली. जपान, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड. एका ठिकाणी सरळ लिहिलेलं की अमुक देशांचाच पासपोर्ट पाहिजे, आणि त्या देशांत आपला देश नव्हता. दुसऱ्या ठिकाणच्या माणसानं फोनवर तिचं इंग्रजी ऐकलं, छान आहे म्हणाला, मग विचारलं, तुमच्या घरात कुठली भाषा बोलतात? ती म्हणाली, मराठी. तो फोन तिथंच आटोपला. पुण्याचा एक एजंट 'नोकरी आपल्या खिशात आहे' म्हणून रोज फोन करायचा. एके दिवशी नानासोंनी फोन हातात घेतला आणि फौजेतल्या आवाजात त्याचं नाव, गाव, पोस्ट, जिल्हा विचारला. त्यानंतर त्याचा फोन काही आला नाही.

असं करता करता थायलंडमधल्याच एका लहानशा गावच्या शाळेतून उत्तर आलं. मोठ्या बाईंचं नाव सुदा. आपल्याकडं शोभेल असंच, त्यामुळं शेडवर लगेच त्यांची सुदाबाई झाली. सुदाबाईंनी लिहिलं होतं, तुम्ही शिकवत असतानाचा एक व्हिडिओ पाठवा.

क्रांती साताऱ्याला गेली. थोरली बहीण शिवांजली गोडोलीत राहायची, तिची दोन्ही पोरं इंग्रजी शाळेत. शेजारची आणखी चार पोरं गोळा केली, भिंतीवर रंगीत कागद लावले, पोरांना पावडरी लावल्या. क्रांतीनं चित्र वर करायचा अवकाश, पोरं 'सर्कल', 'ट्रँगल' म्हणून मोकळी. एकानं तर मावशीचा उच्चारच सुधारला. व्हिडिओ झाला मात्र असा सुरेख की शिवांजलीनं तो सासूबाईंनाही दाखवला.

सुदाबाईंचं उत्तर आलं. क्रांतीनं ते पहिल्यांदा उभ्यानं वाचलं आणि दुसऱ्यांदा बसून.

पोरं गोड आहेत, असं लिहिलं होतं. पण त्यांना हे सगळं आधीपासून येत होतं. तुम्ही काय शिकवलंत ते मला दिसलं नाही. आमच्याकडं पोरं तोंड उघडत नाहीत, त्यासाठीच आम्हाला माणूस पाहिजे. ज्यांना येत नाही अशांचा एक तास पाठवा. तुमची भाषा त्यात वापरू नका, कारण इथं ती कुणाला कळणार नाही. सोमवारी आम्ही एक नाव नक्की करणार आहोत.

इतक्या ठिकाणच्या नकारांत 'का' ते कुणी सांगितलं नव्हतं. या बाईनं सांगितलं होतं आणि वर दार जरासं उघडं ठेवलं होतं. सोमवारपर्यंत.

क्रांती आधी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. हेडमास्तर भले माणूस, पण पोरांचा व्हिडिओ काढायचा म्हणजे वरून परवानगी लागते म्हणाले. ती यायची तोवर हा सोमवार जाऊन पुढचे कैक सोमवार उलटले असते. घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. नानासो शेडवर निघाले होते. जाता जाता म्हणाले, "इंग्रजी न येणारी माणसं पाहिजेत ना? माझ्याकडं शेडभर आहेत."

शेडवर गेली तर बायका आपल्या एका पायावर तयार.

"डोक्यावर पदर घ्यायचा का गं?" रंगूबाईनं विचारलं.

"नेहमी बसता तसंच बसा."

"नेहमी आमी पाय पसरून बसतो."

परवीनचाची म्हणजे वस्तीवरच्या निजामभाईंची बायको. हात चलाख आणि तोंड त्याहून. फोन तिनं धरायचा ठरलं. बाकी चौघी-पाचजणी ताडपत्रीवर, समोर बेदाण्याचा ढीग. गंगव्वा होती, माहेर जतकडचं, त्यामुळं रागावली की कानडीत रागवायची. संयोगिता होती, वस्तीवरच्याच विश्वजीतची नवी नवरी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. क्रांतीनं सगळ्यांना बजावलं, "आता मी मराठी बोलणार नाही. मला मराठी येतच नाही असं धरा."

"काल तर येत होतं," गंगव्वा म्हणाली. बायका हसल्या. परवीननं फोन वर केला आणि तास सुरू झाला.

पहिला भाग सरळ गेला. क्रांतीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "माय नेम इज क्रांती." मग हात पुढं केला, "व्हॉट इज युवर नेम?" टीव्हीवर ऐकून ऐकून एवढं सगळ्यांना उमगत होतं. रंगूबाई, गंगव्वा, संयोगिता, एकेकीनं 'माय नेम' जोडून नाव सांगितलं. क्रांतीला हुरूप आला. कोर्समध्ये नावानंतर घरच्या माणसांचा धडा होता. पोरांना आई-बापाची नावं विचारतात. आता या तर मोठ्या बायका. तिनं विचार केला न केला आणि रंगूबाईकडं वळून विचारलं,

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

शेडमध्ये एकदम शांत झालं. वरच्या जाळीवर सुकलेल्या घडातला एखादा मणी खाली पडला असता तरी ऐकू आला असता. रंगूबाईनं पदर पुढं ओढला आणि बेदाण्यातली काडी शोधायला लागली. संयोगिता लाल झाली. क्रांतीला वाटलं, शब्द कळला नाही. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग हातानं मिशीला पीळ दिला, गळ्यात हार घातल्यासारखं केलं, फेटा बांधला. बायका तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. मिशी कळली होती, हार कळला होता, फेटाही कळला होता. कळलं म्हणूनच तर तोंडं बंद होती.

"अगं, कळ्ळं गं बाई," रंगूबाई शेवटी पुटपुटली. "पर त्येंचं नाव मी कसं घिऊ? सात जन्मात न्हाई घेतलं ते आता बेदाण्यात बसून घिऊ?"

आता क्रांतीच्या ध्यानात आलं. तिची आई तरी नवऱ्याचं नाव कधी घेते का! दवाखान्यात केसपेपर काढताना आई तिलाच पुढं ढकलायची, 'सांग गं तुझ्या पप्पांचं नाव' म्हणून. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि कोर्सचा धडा हातात आल्यावर तेवढंच नेमकं विसरली. फोन चालूच होता. मराठी बोलायची सोय नव्हती. 'सॉरी' म्हणावं आणि आंबा-केळी सुरू करावं असं तिला वाटलं. समुद्रापल्याडची ती बाई हे बघून काय म्हणेल?

तेवढ्यात फोनच्या मागून परवीनचा आवाज आला, "सयाजी! तिच्या मालकाचं नाव सयाजी!"

तिनं वेगळं काही केलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, मतदानाच्या रांगेत, कुणी बाईला नवऱ्याचं नाव विचारलं की ती शेजारणीला कोपर मारते आणि शेजारीण नाव सांगते. स्वतःच्या नवऱ्याचं नाव जड, दुसरीच्या नवऱ्याचं हलकं. परवीननं सवयीनं सांगून टाकलं.

 क्रांती खाली ताडपत्रीवरच बसली, रंगूबाईकडं बोट केलं आणि सावकाश म्हणाली, "हर हजबंड्स नेम इज सयाजी." आणि परवीनकडं वळून हात पुढं केला. परवीननं फोन धरल्या धरल्या ते म्हणून दाखवलं. आता क्रांतीनं रंगूबाईला परवीन दाखवली.

रंगूबाईचे डोळे चमकले. "हिच्या मालकाचं व्हय? त्ये मी दहांदा घीन. हर हजबंड नेम इज निजाम!"

आणि मग जी सुरुवात झाली ती थांबवावी लागली. ही तिच्या नवऱ्याचं नाव घ्यायची, ती हिच्या. संयोगितेच्या विश्वजीतचं नाव तर तिघींनी घेतलं, गरज नसताना, नुसतं ती लाजते म्हणून. ज्यांनी जन्मात इंग्रजीच्या शब्दाला शब्द जोडला नव्हता त्या अख्खी वाक्यं फेकायला लागल्या.

गंगव्वाची पाळी आली तेव्हा संयोगिता अडली. गंगव्वाचा नवरा इचलकरंजीला दुसरं घर मांडून बसला होता, हे सगळ्या वस्तीला माहीत. त्याचं नाव घ्यावं की टाळून पुढं जावं? पोर खाली बघायला लागली.

"घे की गं," गंगव्वा म्हणाली. "रेशनकार्डावर अजून तोच हाय."

"हर हजबंड्स नेम इज... बसाप्पा," संयोगिता हळूच म्हणाली. कुणी हसलं नाही. गंगव्वानं मान हलवली, जसं काही हिशेबाचं उत्तर बरोबर आलं, आणि स्वतःच पुढच्या बाईकडं बोट केलं, "व्हॉट इज हर हजबंड नेम?" प्रश्न विचारायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो तिनं ऐकून उचलला होता.

तास संपल्यावर क्रांतीनं विचारलं, "गंगव्वाकाकू, तुमचं तेवढं काढून टाकू का?"

"ऱ्हाऊ दे. थायलंडात त्येला कोण वळखतंय?"

व्हिडिओ शिवांजलीकडं गेला. तिचा लगेच फोन. "अगं, मधलं ते काय? सगळ्या गप्प, तू मिशा काय पिळतेस, फेटे काय बांधतेस! ते काप. त्या बोलायला लागतात तिथनं दाखव."

क्रांतीनं कापला. आता तास स्वच्छ झाला. बायका पहिल्यापासून धडाधडा बोलताहेत, सगळ्यांना सगळं येतंय. साताऱ्याचीच पोरं जणू लुगडी नेसून बसली होती. क्रांतीनं तो दोनदा बघितला. मग न कापलेला उघडला. तिची चूक, लांबलेली शांतता, पदरातलं हसणं, परवीनचा मागून आलेला आवाज, गंगव्वा. सुदाबाईंनी जे विचारलं होतं ते नेमकं त्या लाजिरवाण्या भागात होतं, आणि नोकरी हुकायची तर त्याच भागामुळं हुकणार होती. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्या हाकेच्या आधी क्रांतीनं न कापलेला पाठवून दिला.

सोमवारी दुपारी सुदाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. वस्तीवर रेंज चांगली मिळायची ती पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून क्रांती टाकीच्या सावलीत खुर्ची घेऊन बसली. अंगावर इस्त्रीचा कुर्ता, पायाशी कोंबड्या. सुदाबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चेहरा असा की रागावल्यात की नाहीत ते कळू नये. त्यांनी नमस्कार केला तोही हात जोडून. क्रांतीच्या मनात नवीन प्रश्नांचं मोहोळ उठलं, पण विचारायची पाळी त्यांची होती.

"त्या सगळ्या गप्प का झाल्या?" पहिला प्रश्न हाच.

क्रांतीनं सांगितलं. सुदाबाई पुढं झुकल्या. मग नवऱ्याला हाक कशी मारतात? नुसतं 'अहो'? आणि घरात पाच नवरे असतील तर कुठल्या 'अहो'नं वळून बघायचं?

"ज्याचं त्याला कळतं," क्रांती म्हणाली. "आवाज ओळखतात."

सुदाबाईंनी शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी बोलावून हे त्यांच्या भाषेत सांगितलं. तिकडून मोठ्यानं हसू आलं. सुदाबाई हसल्या नाहीत, पुढचं विचारायला लागल्या. नाव घेतलं तर काय होतं? नवरा बायकोचं घेतो का? तुमच्या वयाच्या मुली घेतात का? क्रांतीला माहीत होतं तेवढं तिनं सांगितलं आणि जिथं माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाली. मुलाखत नोकरीची आहे हे मधे मधे ती विसरत होती.

मग सुदाबाई थांबल्या. "तुम्हाला खरं सांगते. आणखी एकजण आहे. तिची जन्मभाषा इंग्रजी आहे. पोरांचे आई-बाप तिला बघून खूष होतील."

क्रांतीनं पायाशी आलेली कोंबडी हाकलली. 

"आमच्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी आहे," सुदाबाई म्हणाल्या. "वर्ष होत आलं, इंग्रजीच्या तासाला तिनं एक शब्द काढलेला नाही. तुम्ही काय कराल?"

कोर्समध्ये याचं उत्तर होतं. चित्रं दाखवा, गाणी म्हणा, शाबासकी द्या. हे क्रांतीच्या ओठांवर आलंही. पण ते म्हणताना तिला पुन्हा शिवांजलीच्या हॉलमध्ये उभं राहिल्यासारखं वाटलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "ती कुणाशेजारी बसते?"

सुदाबाईंना आठवावं लागलं. "खिडकीपाशी. एकटीच बसते, वाटतं."

"मग आधी तिच्या शेजारी कुणीतरी पाहिजे. जिला तिच्याबद्दल काहीतरी सांगता येईल अशी. तशी कुणी नसली तर मी बसेन. मोठ्या बाई फळ्यापाशी असणारच की."

 सुदाबाई म्हणाल्या, कळवू. आणि हात जोडले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. 'कळवू' म्हणजे काय ते पोरीला ठाऊक झालं होतं. ती शेडवर जाऊन बसली आणि मुकाट्यानं बेदाण्यातल्या काड्या काढायला लागली. तिच्या निवडलेल्या ढिगातून गंगव्वा पुन्हा काड्या काढत होती, पण बोलत नव्हती. बुधवारी दुपारी फोनवर मेसेज वाजला. क्रांतीनं वाचलं आणि फोन तसाच रंगूबाईपुढं धरला.

"मला काय कळतंय त्यातलं? तोंडानं सांग!"

"घेतलं मला. पण पक्कं नाही. आधी एक सहामाही. काम फक्त दुसरीच्या वर्गात, मागं बसायचं."

"आनि ती दुसरी, इंग्रजीवाली?"

"तिला मोठ्या वर्गांना घेतलंय. दोघींनाही घेतलं."

"आता गं बया!" परवीन म्हणाली. "मग ती सुदाबाई हुशार हाय."

बायकांनी काम टाकून चौकशी सुरू केली. विमानात भाकरी नेऊ देतात का? तिथं ज्वारी मिळते का? खोली एकटीला की त्या इंग्रजीवालीबरोबर? ती काय खात असेल? क्रांतीला एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं, आणि याचाच तिला आनंद होत होता.

बातमी ऐकून नानासो शेडच्या दारात येऊन उभे राहिले. लेकीकडं बघण्याआधी त्यांनी शेडवर एकदा नजर फिरवली, सगळं जागच्या जागी आहे का म्हणून.

"किती दिवसांचं पोस्टिंग?"

"सहा महिने, पप्पा. मग बघू म्हणालेत."

"बघू म्हणजे? काय बघणार?"

"त्यांनी मला बघायचं," क्रांती म्हणाली, "आणि मी त्यांना."

 नानासोंनी मान डोलावली, आणि तिथं थंडी पडते की नाही ते विचारलं. तेही तिला माहीत नव्हतं.